कामाचा जिताडा

पेणला माझा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे आणि गॅलरीतून थेट खाडी दिसते. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हा फ्लॅट घेतला तो या गॅलरीसाठीच. आल्यागेल्याला मी चहाच्या आधी गॅलरी दाखवते. समोर खारी शेतं, त्यांच्या कडेने मातीचा बांध, बांधापलीकडे खाडी आणि अलीकडे मूठभर घरांचं माझं माहेर. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. भावाची एक बाजू अर्धांगाने गेली, तेव्हापासून तो खाटेवरच असतो.

मुंबईकडून नवा पूल झाला आणि खाडीकाठच्या आमच्या खारेपाटाकडे लोक वळून बघायला लागले. एका बिल्डरने गावालगतची शेतं मागितली. तिथे उंच टॉवर बांधायचे आणि ज्यांची जमीन गेली त्यांना त्यातच घरं द्यायची, असा त्याचा बेत. गावात दोन तट पडले, ग्रामसभा लागली. मी तिथली मतदार नाही, तरी मला बोलायला बोलावलं, कारण गावातली पहिली शिकलेली मुलगी मी. हा मान मी या वयातही सोडलेला नाही.

सभेच्या आदल्या आठवड्यात वहिनी मिनीडोर रिक्षाने पेणला आली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हातभर लांब जिताडा तिने ओट्यावर ठेवला.

"घे गो बाय, घरच्या तलावातला हाय."

मी हरखले. जिताडा म्हणजे आमच्याकडे माशांतला राजा. घराशेजारच्या तलावात त्याला वाढवतात आणि सहसा स्वतः खात नाहीत, कुणाला तरी देतात. वहिनी गॅलरीत गेली, बराच वेळ खाली बघत राहिली.

"हितं पानी येतं गो?"

"दोन्ही वेळ येतं, चांगल्या दाबाने," मी म्हटलं. ती हसली. माझ्या उत्तरात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. खारेपाटात जन्मलेली मी, पण 'पाणी येणं' म्हणजे उधाणाला खाडीचं पाणी घरात शिरणं, हे नळाच्या पाण्यावर राहून राहून विसरले होते.

जाताना तिने चपला घालता घालता विचारलं, "ऐतवारी तू बोलनार ना?"

"बोलणार तर! सोडते की काय?"

"बोल. तुझं आयकतात लोकं."

मी त्या जिताड्याचं कालवण केलं, शेजारी वाटलं, आणि वहिनीच्या मायेने भरून येऊन भाषण लिहायला बसले.

भाषण झकास झालं. खोटं त्यात काही नव्हतं. खारेपाटाची माती मऊ, त्यावर एवढं ओझं कशाला? भराव टाकला की पाणी दुसऱ्याच्या अंगणात जाणार, ते कुणाच्या? टॉवरमध्ये कोण राहणार, आपण की शनिवार-रविवारचे पाहुणे? लोक माना डोलवत होते. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, आणि मला चेव येत होता. टॉवर उभे राहिले तर माझ्या गॅलरीतून खाडी दिसायची नाही, एवढं एकच मी बोलले नाही. भाषण लिहिताना ते मनात आलं होतं. मी चहा करायला उठले आणि परत बसले तेव्हा ते पुन्हा आठवायचं नाही असं ठरवलं.

दोन मजल्यांच्या वर बांधकाम नको, असा ठराव आला. हात वर झाले, आणि त्यात वहिनीचाही होता. माझी छाती फुगली. वाटलं, घर आपल्या पाठीशी आहे.

सभेनंतर सगळे भावाच्या घरी चहाला गेलो. भावाच्या खाटेच्या पायांखाली विटा रचलेल्या होत्या, एकावर एक, चांगल्या उंच. भिंतीवर गुडघाभर वर ओलीची रेघ होती. मी विटांकडे बघत होते, तेवढ्यात शेजारची म्हातारी वहिनीला म्हणाली, "फुकट गेला गो तुझा जिताडा!" आणि पदर तोंडाला लावून हसली.

वहिनी तिच्यावर डोळे वटारून चुलीकडे वळली. मला मात्र तो जिताडा आत्ता कळला. आमच्याकडे जिताडा दोन वाटांनी दारात येतो. एक नात्याने येतो, सणासुदीला. दुसरा कामाने येतो, ज्याच्या शब्दावर आपलं काही अडलंय त्याच्याकडे, आणि तो देताना काम बोलून दाखवायचं नसतं. घेणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. सण कुठलाच नव्हता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी तो खाऊन, काटे टाकून, उलट बोलून आले होते.

मी चुलीपाशी गेले. "वहिनी, तुला टॉवर हवा होता?"

"वरचा माला मिलनार होता." ती भावाकडे बघून हळू बोलली. "उधानाला यांना उचलून टेबलावर ठेवते मी. आता नाय उचलवत गो."

"मग हात कशाला वर केलास?"

"तू एवढी बोललीस. घरच्याच बाईने हात खाली ठेवला असता, तर चार लोकांत तुझी काय इज्जत र्‍हायली असती?"

त्या मऊ जमिनीवर टॉवर नकोत असं मला आजही वाटतं. पण हे बोलायचा हक्क मला होता, असं वाटत नाही. लाज वाटते, आणि ती योग्यच जागी वाटते.

वहिनीने चहा गाळून कप माझ्या हातात दिला आणि ती समोरच उभी राहिली. पुढचं उधाण जवळ होतं. माझ्याकडे लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे, पाणी चढत नाही. 'उधाणाला दादाला घेऊन माझ्याकडे ये' एवढंच म्हणायचं होतं. मी खाटेकडे पाहिलं, खाटेखालच्या भांड्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "बांधाच्या दुरुस्तीचं मी कुणाशी तरी बोलते."

"व्हय," वहिनी म्हणाली. "तू बोल."