तालमीतलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — हसू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत नवागामला राहायचो. वडील कापडाच्या लूमवर कामाला, मी मराठी शाळेत नववीत. गाणं शिकवायला एस्तेरबाई होत्या. अलिबागकडच्या ज्यू, मराठी आमच्यापेक्षाही गोड. त्यांची सगळी माणसं इस्रायलला गेलेली, वर्षअखेर त्याही जाणार होत्या. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट कानांनी ऐकायची होती — त्यांच्या वडिलांनी तीन आवाजांत बसवलेली हिब्रू प्रार्थना. एकट्या बाईनं तीन आवाज कुठून आणायचे? म्हणून आम्ही मुली. स्नेहसंमेलनात गाणार होतो.

त्यांची एक रीत होती. तालमीत देवाचं खरं नाव घ्यायचं नाही. त्या जागी 'हाशेम' म्हणायचं, म्हणजे नुसतं 'ते नाव'. आई जशी वडिलांचं नाव घेत नाही, तसंच वाटायचं मला. खरं नाव बाई संमेलनाच्या दिवशी सांगणार होत्या, कारण तेव्हा ती तालीम नसेल, प्रार्थना असेल.

खालचा आवाज माझा. आणि मला ते फार — फार आवडायचं. हट्ट करून मीच गेले होते. घरी मात्र सांगितलं, गणिताचा जादा तास आहे. हे खोटं फक्त बाईंना माहीत होतं. "घरी खरं सांग गं," त्या म्हणायच्या.

सांगितलं का मी? एकदा भाकरी थापताना तेच गुणगुणत होते, तर वडील दारात उभे.

"हाई तुले कोनी शिकाडं?"

गणिताचं उघडं पडलं तर शाळा बंद. मोठ्या बहिणीची अशीच सुटली होती, बाईंनाही ते माहीत होतं. मी म्हणाले — बाई गाण्यासाठी जबरदस्तीनं थांबवून घेतात. तेवढ्यावर मी गप्प बसले असते तरी... पण वडिलांना पटेना, म्हणून पुढे बोलले. त्या खरं नाव लपवतात, म्हटलं. ऐनवेळी आमच्या तोंडून काय वदवून घेतील कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत मीही, भिंतीला चिकटून. सरांनी विचारलं, "बाई, मुलीवर जबरदस्ती केलीत?"

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आता सांगतील — हीच सगळ्यांच्या आधी येऊन बसते म्हणून. सांगतील ना?

"हो," बाई म्हणाल्या. "तिची काही चूक नाही. तिची शाळा तेवढी बंद करू नका."

मी तोंड उघडलं नाही. कार्यक्रमातून गाणं काढलं, आणि बाई संमेलनाआधीच शाळा सोडून गेल्या. मी दहावी झाले, पुढेही शिकले, आज नोकरी करते.

चाल मला अजून येते. भांडी घासताना ओठांवर येते आणि त्या नावाच्या जागी आली की मी थांबते. खरं नाव कुणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ते बाई सांगणार होत्या.