विनूचे डोळे आणि परुळेकर सर

खाली वाण्याकडे फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "परुळेकर सर गेले," एवढंच पलीकडून कुणीतरी सांगितलं. मुलुंडहून कांजूरमार्गला पोचेपर्यंत दुपार कलली होती, आणि सरांना घेऊन माणसं निघूनही गेली होती. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि न राहवून विचारलं, "वहिनी, डोळे?" त्यांनी कपाळाला हात लावला. "नाही गं कुणाला सुचलं... विनू मुलाखतीला पुण्याला गेलेला. भावकीतल्यांनी घाई केली. मी तरी कुठे भानावर होते?" आपण गेल्यावर डोळे दान करा, असं सरांनी आम्हा सगळ्यांना कितीदा बजावलं होतं! नेमकं त्या दिवशी ते बोलून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. आता काही आठवडे उलटलेत, पण ती रुखरुख जात नाही.

विक्रोळीच्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा सर गणित शिकवायचे, हातात कायम लाकडी पट्टी. विनू, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्याच शाळेत होता. उन्हाळा आला की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि तो दोन्ही मुठींनी ते असे चोळायचा की बघवत नसे. कारखान्यांची धूळ आहे, मोठा झाला की थांबेल, असं सगळेच म्हणायचे. सरांना मात्र ती खोड वाटायची. एकदा मधल्या सुट्टीत माझ्यादेखत त्यांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. "किती वेळा सांगायचं? हात खाली!" विनूने हात पाठीमागे घेतले आणि नुसत्या पापण्या मिटमिटत उभा राहिला.

नववीत असताना शेजाऱ्यांच्या नव्या रंगीत टीव्हीवर क्रिकेट बघता बघता तो म्हणाला, "बाबा, मला दोन-दोन चेंडू दिसतात." सर हसले होते. मग चष्मा लागला, नंबर सारखा बदलत राहिला, तरी फळा दिसेना. शेवटी घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंनी विनूचा डोळा बाजूने तपासला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे टोकदार आला होता. "मी ओरडायचो हो त्याला, चोळू नको म्हणून," सर म्हणाले. "मारलंसुद्धा." बाई म्हणाल्या, "एवढी खाज सुटल्यावर पोर काय करणार? ॲलर्जी आहे त्याला. औषध तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं." हे सगळं दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनीच मला सांगितलं. "खाजतंय का रे, एवढं मी त्याला कधी विचारलंच नाही..."

त्यानंतर सरांच्या हातात पट्टी दिसली नाही. वर्गात कुणी डोळे चोळू लागलं की शिकवणं थांबवून त्याच्याजवळ जायचे, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईबापांना डॉक्टरकडे पिटाळायचे. "मास्तर, तुम्ही गणिताचं बघा ना," असं एकाने तोंडावर सुनावलं. सर परत आले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच घरी गेले.

विनूला डोळ्यात घालायच्या लेन्स सोसल्या नाहीत. उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसेनासं झालं, तेव्हा कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी दान केलेल्या डोळ्यामुळे त्याचं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचून दाखवली. सर उठून गॅलरीत गेले, बराच वेळ आत आलेच नाहीत. "माझेही द्या," हे त्यांचं तेव्हापासूनचं.

परवा विनूला भेटायला गेले होते. त्या पट्टीचं सरांना किती लागलं होतं, ते मी त्याला सांगितलं. तो गोंधळला. "पट्टी? मला नाही आठवत, मावशी. बाबा कधी बोललेच नाहीत." एवढी वर्षं सरांनी जे एकट्याने वाहिलं, ते मुलाच्या लक्षातही नव्हतं... आणि एकाच घरात राहून दोघांत त्याबद्दल कधी बोलणंच झालं नव्हतं.

"विनू, औषध घाल रे," वहिनींनी आतून हाक मारली. विनू घरी असला की थेंब घालायचं काम सरांचं असायचं. विनूने खिडकीपाशी खाटेवर मान मागे टाकली, डोळा उघडा धरला आणि सवयीने तसाच पडून राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने स्वतःच बाटली उचलली, पण पहिला थेंब चुकला आणि कानशिलावरून उशीत गेला.