दिवा लागला की हात जोडायचे

दुष्काळाच्या त्या वर्षी लातुरातल्या आमच्या घरात माणसं दोनच होती, अप्पा आणि मी. पिंपं, घागरी, बादल्या मात्र विचारू नका. नळ कोरडे होते आणि टँकर कधी येईल ते त्या टँकरलाच ठाऊक. रिकामं दिसेल ते भांडं भरायचं आणि पुढच्या दारापासून न्हाणीपर्यंतच्या बोळात मांडायचं. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे बोळात भर दुपारीही अंधारच असे.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू झालेला. उजेड असला तर वस्तूंच्या काळपट आकृती दिसत, अंधारात काहीच नाही. भिंतीला हात लावून ते घरभर फिरत. पुन्हा पुन्हा पिंपाला धडकायला लागले तेव्हा मी वैतागले. मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची आणि घरात बाप ठेचकाळायचा, हे बरं दिसत नव्हतं. मी बाजारातून सेन्सर आणले आणि स्वतःच स्टुलावर चढून बसवले. बोळात माणूस हलला की दिवा लागणार. पुढचं दार किंवा अप्पांच्या खोलीचं दार उघडलं की तिथला दिवा लागणार. बटण चाचपडायचं कामच नको.

अप्पा खूश झाले. तेव्हा उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून चर्चा चालू होती, आणि ती ऐकून त्यांना आपल्या जिल्ह्याचे दिवस आठवत. "लातूर जिल्हा झाला तवा वाटलं होतं, आता पाणी न् लाईट कायम ऱ्हाईल. लाईटचं तू केलंस, माय. पाण्याचं बघ आता."

घोटाळा भलताच झाला. आमच्याकडे दिवेलागणीला दिवा लावला की जो तो जागच्या जागी हात जोडतो, भांडण चालू असलं तरी. अप्पांसमोर आता दिवसभर दिवे लागत होते. न्हाणीकडे निघाले की उजेड पडायचा, आणि भिंतीवरचा हात सोडून ते "शिव शिव" म्हणत नमस्कार करायचे. परत येताना पुन्हा तेच.

"अप्पा, भिंत सोडू नका हो! ह्यो देवाचा दिवा न्हाई, मशीन हाय."

"मशीनचा असंना. घरात उजेड आला न् आपण हात जोडले न्हाईत, तर आला कशाला म्हणंल त्यो?"

मी हसले, रागावले, बोळातली भांडी एका बाजूला सरकवली. त्यांची सवय काही सरकली नाही.

एका संध्याकाळी गल्लीत टँकर आल्याची हाक उठली. मी गच्चीवर वाळवण गोळा करत होते, धावत खाली निघाले. जिन्यावरून मला सगळं दिसलं. अप्पांनी दार उघडलं, दिवा लागला, दोन्ही हात जुळले, आणि पुढं टाकलेला पाय उंबऱ्याजवळच्या घागरीला अडखळला. सावरायला एकही हात मोकळा नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी स्टूल घेऊन सगळे सेन्सर उपटायला निघाले. मला त्या दिव्यांचा संताप आला होता.

"ऱ्हाऊ दे गं," अप्पा खाटेवरून म्हणाले. "त्यानं काय केलंय?"

मग ते उठलेच नाहीत. मी पेज घेऊन खोलीचं दार उघडलं की दिवा लागायचा, आणि त्यांचा डावा हात अंथरुणातून वर यायचा. जोडीला दुसरा हात नाही हे लक्षात येऊन तो तसाच छातीवर थांबायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी वाटी खाली ठेवली आणि माझा उजवा हात त्यांच्या हाताला जोडला. अप्पा म्हणाले, "हां. आता झालं." तेव्हापासून रोज तसंच. रोज मला रडू यायचं आणि त्यांना ते दिसायचं नाही.

उन्हाळा संपायच्या आत ते गेले. पुढं नळाला पाणी आलं आणि बोळातली पिंपंही हलली. दिवे तेवढे मी काढले नाहीत. आजही त्यांच्या खोलीचं दार उघडलं की उजेड पडतो. माझा उजवा हात वर जातो आणि छातीपाशी थांबून राहतो.