मामाचा अंगठा

माझा सख्खा मामा व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यांत घड्याळ चालवतो. पंचाची शिट्टी वाजली की अंगठ्याने बटण दाबून वेळ थांबवायची, खेळ सुरू झाला की पुन्हा सोडायची. सव्वीस वर्षं हेच काम. शेजारच्या खुर्चीवर बसून मी गुण लिहिते.

दोन वर्षांपूर्वी एका श्रीमंत संघाने लीगमधले तीन सर्वोत्तम खेळाडू उचलले. त्यात आमच्या संघाचा सगळ्यात उंच खेळाडू, लंबूही गेला. बळी तो कान पिळी, दुसरं काय! तेव्हापासून मध्यंतरालाच आम्ही तीस गुणांनी मागे असतो आणि लोक उठून घरी जातात. मग मामाला एक खोड लागली. शिट्टी वाजली तरी तो अंगठा जरा सावकाशच टेकवायचा, तेवढे एक-दोन सेकंद घड्याळ पुढे पळायचं.

"पोरांची फरफट तेवढीच लवकर संपते गं," म्हणायचा.

हरलेल्या सामन्यात कोण सेकंद मोजतंय? कुणी हटकलं नाही. मला मात्र सारखी धाकधूक.

परवा त्याच श्रीमंत संघाविरुद्ध आम्ही चक्क एका गुणाने पुढे होतो. सगळं सभागृह उभं. घामाने माझ्या हातातली पेन्सिल निसटत होती. शिट्टी वाजली, चेंडू त्यांना मिळाला. फलकावर तीन सेकंद उरले होते. मामाचा अंगठा सवयीने रेंगाळला आणि घड्याळ थांबलं तेव्हा उरला होता एकच.

पंचांची नजर रेषेवर होती. बघितलं ते आम्ही दोघांनीच.

मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. "मामा, गप्प बस. दोन वर्षांत पहिल्यांदा जिंकतोय. आणि कळलं तर खुर्ची जाईल तुझी!"

त्याचे ओठ कोरडे पडले होते. तरी हात वर गेलाच. "साहेब, माझं बटण उशिरा दाबलं गेलं. दोन सेकंद परत लावायला हवेत."

लावले. तिसरा सेकंद संपता संपता लंबूने चेंडू जाळीत टाकला. आम्ही हरलो. मला मामाचा इतका संताप आला की घरी जाईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पंचांनी अहवाल पाठवलाय. मामाला ठेवणार की काढणार, अजून कळलेलं नाही. फोन वाजला की तो दचकतो आणि त्याच्याबरोबर मीही.

काल आम्ही चाळीस गुणांनी मागे होतो. खुर्च्या रिकाम्या. आमचा दमलेला कप्तान टेबलापाशी येऊन म्हणाला, "मामा, संपवा की आता."

मामाने मान वर केली नाही. प्रत्येक शिट्टीला त्याचा अंगठा खाडकन पडत होता. सामना काही केल्या संपेना.