कोरड्या लादीवर फडकं

बावीस वर्षांत जेद्दाहमध्ये भाव करताना मला हरवणारं एकच माणूस भेटलं, आणि त्या बाईने उभ्या जन्मात कधी भाव केला नाही. आमच्या अझीझिया भागातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी नगरकडच्या ख्रिस्ती, एका दवाखान्यात नर्स. मी चिपळूणहून लाद्या बसवायला आलो, आज हाताखाली पंधरा माणसं आहेत, आणि एक रियालही मला कुणी प्रेमाने सोडलेला नाही. मावशी मात्र येमेनी दुकानदाराला मोडक्या अरबीत "बाबा, डोळे दमलेत तुझे, जरा बस," एवढंच म्हणत, आणि मी अर्धा तास घसा फोडून जिथे पोचलो त्याच्याही खाली तो आपण होऊन उतरे. वर त्यांना मूठभर खजूर. माझ्याकडे तो बघतसुद्धा नसे.

वस्तूंशीही त्या तशाच बोलत. आमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते. मी तिला लाथ घालतो. मावशी दारावर हात ठेवून "दमलीस गं बाई" म्हणत आणि ती निमूट चालू लागे. एकदा वायरमनला हे दाखवलं, तर तो जिन्याने खाली गेला तो पुन्हा आलाच नाही. जिन्यातली मांजरं मावशी येण्याच्या आधीपासून पायऱ्यांवर ओळीने बसलेली असत, सगळ्यांची तोंडं त्यांच्या दाराकडे. पण मला खरी धास्ती वाटे ती त्या आमच्याकडे आल्या की. हसत आत येत, "सलाम" म्हणत, कारण नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना सलामच म्हणतात, आणि हॉलमध्ये एका जागी थबकत. "इथे काहीतरी सांडलंय." लादी खडखडीत कोरडी. तरी त्या फडकं मागून घेत आणि गुडघ्यांवर बसून पुसत. दर वेळी तीच लादी, खिडकीपासून तिसरी. त्याच लादीवर उभा राहून तीन वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला फोनवर शेवटचं बोललो होतो. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती अजून शपथेवर सांगते की तिने मावशींना काही सांगितलं नाही.

भावाचा व्हिसा मी काढला, हातात थापी मी दिली, आणि हा मला न विचारता तासाभराच्या अंतरावरच्या थुवाल गावातल्या एका ठेकेदाराकडे निघून गेला. चूक त्याचीच. आजही मी तेच म्हणेन.

शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी, आमच्याकडे रस्ते इतके ओस असतात की समोरच्या इमारतीतली चूळ ऐकू येते. त्या वेळी मावशी इमारतीतल्या मुलांना घरात जमवीत. पडदे ओढलेले, एसी बंद. "देवाने जग हातांनी नाही घडवलं, बोलून घडवलं," त्या सांगत. "आपण त्याची लेकरं. आपण बोलतो तेही घडतं. मग जपून बोलायला नको?" नंतर प्रत्येकाने कानात अडकलेलं एक बोचरं वाक्य बोलून बाहेर काढायचं. मावशी त्यासाठी येशूची प्रार्थना करीत, आणि त्या मुलाने संध्याकाळच्या आत कुणाला तरी एक गोड शब्द द्यायचा. आमची आठ वर्षांची सई जायची. तिच्या आईची परवानगी होती. माझी कुणी विचारली नाही.

एका शुक्रवारी मी सईला आणायला गेलो. आदल्याच दिवशी कानावर आलं होतं की भावाचा खुरूज लागला, म्हणजे तो कायमचा गावी चालला, शनिवारचं विमान. मी बेलकडे हात नेला आणि दाराआडून मला माझाच आवाज ऐकू आला.

"मेलास तू मला. पुन्हा दादा म्हणू नकोस."

सई माझ्याशी हिंदीत बोलते, मराठी येत नाही म्हणते. हे वाक्य मात्र चिपळूणच्या हेलासकट, माझ्या घशातल्या खरखरीसकट, तिच्या तोंडून त्या काळोखातून येत होतं.

"अजून ऐकू येतं, बाळा?" मावशींनी विचारलं.

"रोज आता है. हॉल से."

बेल मी वाजवली नव्हती, तरी दार उघडलं.

"सलाम, भाऊ."

"आधी त्याने माफी मागावी, मग मी बोलेन," मी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या.

"मेसेज टाकतो."

"बरं."

"फोन करतो. पण दोनच मिनिटं."

"बरं."

त्यांच्यामागून सई बघत होती. "जाऊन येतो," मी म्हणालो.

"पाणी घेऊन जा. ऊन आहे."

समोरच्याने काहीही मागितलेलं नसताना इतका खाली मी कधी उतरलो नव्हतो.

थुवालच्या कामगार-कॅम्पच्या दाराशी भाऊ खोक्याला दोरी बांधत होता. मला पाहून उभा राहिला. गाडीत मी बरंच काही घोकलं होतं, चूक कुणाची इथपासून. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुझ्या लाद्यांचे सांधे माझ्यापेक्षा सरळ येतात. पहिल्यापासून."

लादीवाल्याने लादीवाल्याला याहून मोठं काही म्हणता येत नाही. त्याने दोरी खाली ठेवली.

"जेवलास का, दादा?"

गेल्या वर्षी मावशीही नगरला परत गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा तिसऱ्या लादीवरून न थबकता चालत गेल्या. मी त्या लादीकडेच बघत होतो. पुढे स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र थांबल्या, तिथे मी सकाळीच ड्रायव्हरवर ओरडलो होतो. माझ्याकडे पाहून हसल्या, फडकं मागितलं नाही.

त्यांचं दार अजून बंद आहे आणि मांजरं अजून त्या दाराकडे तोंड करून बसतात. माझा स्वभाव तोच आहे. फरक एवढाच की कधीकधी सई शाळेतून येते, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून हॉलमध्ये एका जागी थबकते, आणि स्वच्छ मराठीत म्हणते, "पपा, इथे सांडलंय."

लादी कोरडीच असते. मी फडकं आणतो. गुडघे दुखतात, पण पुसतो.