जीपचे पावसाळी टायर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या जीपचे टायर बदलायला जुन्नरला जायचं, हे घरात ठरलेलं होतं. बर्फाच्या देशांत लोक थंडीच्या तोंडावर गाडीचे टायर बदलतात, असं मी पुढं कधीतरी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे बर्फ कुठला? पण तळेघरच्या अंगाला पावसाळाभर जो तांबडा चिकट चिखल होतो, त्यावर गाडी बर्फावरच्यासारखीच घसरते.

आम्ही दोघं नवराबायको शिक्षक. घर महाळुंगे पडवळला आणि शाळा घाट चढून तळेघरच्याही पुढं, भातखाचरांमधल्या एका वाडीत. आठवडाभर आम्ही तिकडे खोली घेऊन राहायचो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की खाली यायचो. मुलगी लहान होती, ती सासूबाईंजवळ असायची. सोमवारी पहिल्या एसटीनं निघालं तरी शाळेत पोचेपर्यंत दुसरा तास संपलेला असे, म्हणून यांनी एक जुनी जीप घेतली होती. ती आमच्या लग्नाहून जुनी. पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं बसवलेलं, वर ताडपत्रीचं हूड, आणि दारं नाहीतच.

तिला पावसाळ्यासाठी तयार करणं म्हणजे दोन दिवसांचं काम. हूडच्या फाटक्या जागा मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून घ्यायच्या. इंजिनातून काढलेलं काळं तेल गाडीच्या पोटाला फडक्यानं चोपडायचं, म्हणजे पत्रा गंजत नाही. बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं. वायपरवर यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे पुढच्या काचेवर तंबाखू चोळायचा. त्यानं पाणी काचेवर थांबत नाही. यांना तंबाखूचं व्यसन नव्हतं, पण दर मे महिन्यात दुकानात जाऊन पुडी मागताना ते ओशाळे व्हायचे आणि दुकानदाराला न विचारता सांगायचे, "गाडीसाठी पाहिजे."

टायरचं काम मात्र जुन्नरच्या टायरवाल्या चाचांकडे. उन्हाळ्यातले गुळगुळीत टायर काढून ते मोठ्या खाचांचे टायर चढवायचे. त्यांना सगळे बटन टायर म्हणत. चाचा फार बोलत नसत. हवा भरली की डोळे मिटून टायरवर हातोडी मारायचे आणि आवाज ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा हवा सोडायचे. आम्ही बाकड्यावर बसून चहा प्यायचो. आमच्या संसारातले ते फार निवांत दिवस होते, हे तेव्हा कळत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराला यांची बदली झाली. मुख्याध्यापक म्हणून, खाली खोडदच्या बाजूच्या एका शाळेत. मी वरच राहिले. बदलीचा कागद आला त्या संध्याकाळी ओट्यावर बसून हे म्हणाले, "जीप विकून टाकू या. तू वरच राहा. महिन्यातून एकदा एसटीनं खाली ये."

"आणि पोरीला महिन्यातून एकदाच बघू?"

"अगं, चिखलात चाक रुतलं तर काय करशील?"

"तुम्ही काय करत होता?"

गाडी मला येत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सुट्टीत शिकवली होती, आणि हौसेनं माझं लायसन्सही काढलं होतं. पण घाटात, पावसात मी कधी चालवली नव्हती. सासूबाई आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चालवू दे की. तुजं काय जातं?" विषय तिथंच संपला.

टायर बदलायच्या आठवड्यात यांना नव्या शाळेचा कार्यभार घ्यायला जावं लागलं. जाताना त्यांनी वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. जीपचं काय काय करायचं, ते सगळं सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. मुलांच्या वहीत सूचना लिहितात तसा. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

मी एकटी जीप घेऊन जुन्नरला गेले. चाचांनी माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं. "गुरुजी न्हाई आले?"

"त्यांची बदली झाली. यंदापासून मीच चालवणार आहे."

"तळेघरला?"

"हो."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुकानाच्या मागून दोन वेगळेच टायर घरंगळत आणले. खाचा तशाच, पण रुंदीला कमी. म्हणाले, "पुढं हे टाकतो. गुरुजींचे रुंद व्हते. त्यांच्यानं स्टिअरिंग वळायचं लई जड. तुमचं खांदं भरून येतील." इतक्या वर्षांत मला वाटत होतं की चाचा फक्त टायर बघतात.

टायर चढवून झाले. मी किल्ली मागितली, तर त्यांनी ती खिशात घातली. "आधी एक चाक काढून दावा, बाई. मग देतो."

मी पाना घेतला आणि नटाला लावून जोर केला. नट हलला नाही. पुन्हा केला. हात घामेजले, पाना निसटून दगडावर आपटला. शेजारच्या पानपट्टीवरची माणसं बघायला लागली. चाचा मदतीला पुढं आले नाहीत. तेवढ्यात चहा घेऊन चाची बाहेर आल्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं, कपबशी बाकड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "हातानं कुटं निघतंय ते? हमाल हाय का तू?"

त्यांनी पाना नटाला असा लावला की त्याचा दांडा डावीकडे आडवा राहिला. मग साडी जरा वर खोचली आणि पाय दांड्यावर ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. नट कर्रकन सैल झाला.

"वजन कशाला दिलंय देवानं?" त्या म्हणाल्या. "आन जॅक लावायच्या आदी सैल करायचे. गाडी उचलल्यावर न्हाई, नायतर चाकच फिरत बसतं."

चाचा आजारी होते त्या वर्षी चार महिने त्यांनीच दुकान चालवलं होतं, असं बोलता बोलता कळलं. मी इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते आणि मला याचा पत्ता नव्हता. त्या दुपारी मी चाक तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. तिसऱ्यांदा पानपट्टीवर बघायला कुणी उरलं नव्हतं.

निघताना चाचांनी दोन गोष्टी गाडीत टाकल्या. जॅक चिखलात बुडू नये म्हणून त्याखाली ठेवायला एक फळी, आणि बैलाच्या कासऱ्यासारखी जाड दोरी. "खाचांत चिखल भरला की बटन टायर बी गुळगुळीत व्हतो," ते म्हणाले. चाकाच्या लोखंडी भागाला असतात त्या भोकांतून दोरी ओवून टायरवर आडवे वेढे कसे घ्यायचे, ते त्यांनी दाखवलं. मग किल्ली दिली.

जून बरा गेला. जुलैतल्या एका सोमवारी सकाळी वाटेत डिंभ्याच्या पुढं एक बाई हात करून थांबल्या. माहेराहून तळेघरला परत निघाल्या होत्या, डोक्यावर पाटी. त्यांना घेतलं. चढ लागला आणि एका वळणावर वरची दरड पाण्याबरोबर रस्त्यावर आलेली दिसली. दगड नव्हते, नुसता गाळ, गुडघ्याला येईल एवढा. कडेनं जागा दिसली म्हणून मी गाडी घातली, आणि मधोमध गेल्यावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. जीप हळूहळू दरीच्या बाजूला सरकली. मी ब्रेक दाबून धरला.

मागून त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, मी उतरून चाकामागं दगुड लावू का?"

"लावा. पण खालच्या बाजूला उभं राहू नका."

त्यांनी दगड लावले, मी हँडब्रेक ओढून उतरले. धुकं इतकं होतं की पुढचं झाड दिसत नव्हतं. चपला चिखलात गेल्या त्या गेल्याच. मी दोरी काढली, टायरमधली थोडी हवा सोडली आणि वेढे घ्यायला बसले. बोटं गारठून दोरी ओवता येईना, तेव्हा त्या बाई दुसऱ्या बाजूनं टोक पकडून ओढायला लागल्या. दोन्ही चाकं बांधून झाली, मी पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूच सोडला. दोरी चिखलात रुतली, जीप एकदा हिसका देऊन थांबली, पुन्हा हलली आणि बाहेर आली.

बाई धावत येऊन बसल्या. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "आमच्या मालकाला सांगते, मास्तरीण बाईनं गाडी काडली. त्याला खरं वाटायचं न्हाई."

शाळेत पोचले तेव्हा मुलं व्हरांड्यात बसून आपापले पाढे म्हणत होती. मी अनवाणीच वर्गात गेले. कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यातली निम्मी तशीच येत होती.

शनिवारी घरी आले. हे खोडदहून आधीच आलेले होते. जीपच्या मागच्या चाकांत दोरीचे तुटके धागे आणि वाळलेला गाळ होता. त्यांनी ते पाहिलं, खुरपं आणलं आणि उकिडवे बसून एकेक खाच साफ करायला लागले. मी सगळी हकीकत सांगितली. दरीच्या बाजूला सरकल्याचं सांगताना त्यांचा हात थांबला. खुरपं खाली ठेवून म्हणाले, "दोरी कशी बांधलीस, मला दाखव बरं."

मी नवी दोरी आणली आणि दाखवलं. त्यांचं दोनदा चुकलं.

पुढं चार पावसाळे मी ती जीप चालवली. मग माझीही बदली खाली झाली, घाटरस्ता रुंद झाला, आणि जीप एका नर्सरीवाल्यानं रोपं वाहायला नेली. चाचा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी चाचींना भेटायला गेले तेव्हा त्या मोठ्या मुलाकडे राहत होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांनी मला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. आवाज ऐकून म्हणाल्या, "तळेघरवाली का?" मग हात धरून शेजारी बसवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्या दुपारी आम्ही गाड्यांविषयी काहीच बोललो नाही. त्यांच्या नातवंडांविषयी, माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणाविषयी बोललो. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि त्या म्हणाल्या, "गुरुजींना घेऊन ये एकदा." मी हो म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो.