वाढत्या अंगाचं खोगीर

आमचे रावसाहेब सरकारी देवी-डॉक्टर होते. थंडी पडली की कल्याणहून निघायचे आणि होळीपर्यंत गावोगावच्या मुलांना देवी टोचत फिरायचे. डोंबिवली, शीळ, वर आंबिवलीकडची खेडी. गाडीवाट नसेल तिथं घोड्यावरून. मी त्यांचा मोतद्दार, घोडी सांभाळणारा. माझं गाव माणदेशात. मराठी तिसरीत असताना दुष्काळ पडला आणि पंतोजीच गाव सोडून गेले, तेव्हा माझी शाळा सुटली. पुढं मीही निघालो आणि पोटामागं चालत घाट उतरून इथं आलो. रावसाहेबांनी पडवीत जागा दिली, तबेला हवाली केला, आणि संध्याकाळी स्वतःच्या मुलांशेजारी बसवून मला पुढचं वाचायला शिकवलं. आज हे लिहितोय ते त्यामुळेच. हे आधी सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते अशा माणसाच्या घरात केलं.

त्यांची जुनी घोडी त्या साली गेली. तिचं शिंगरू माझ्या हातावर जन्मलेलं, तांबडं, त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. घोडी म्हणायची, पण अजून वाढत होती. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच, आणि मानेच्या बुडाचा जो उंचवटा असतो, ज्याच्या मागं खोगीर टेकतं, तो पुरता वर आलेला नव्हता. जुनं खोगीर तिच्या आईच्या रुंद पाठीवर पसरलेलं, ते हिच्या कामाचं नव्हतं. दौरा आठ दिवसांवर आलेला. रावसाहेब म्हणाले, "हिची पाठ तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. खोगीर तू पसंत कर. मी काय, मला फक्त वरची बाजू कळते."

कुणी माझ्यावर असं काही सोपवण्याची ती पहिलीच वेळ. घोडी घेऊन मी कल्याणच्या एका म्हाताऱ्या जीनगराकडं गेलो. त्याच्याकडं दोन तयार खोगिरं होती. एक लहान, साधं, घोडीच्या पाठीवर ठेवलं तर हाताचा पंजा ठेवावा तसं बसलं. दुसरं मोठं, जाड चामड्याचं, पितळी कड्यांचं. ते ठेवलं की दोन्ही बाजूंना फट राहायची आणि पुढून ते खाली बसायचं.

जीनगरानं मला पुष्कळ समजावलं. आतली लोकर काढता येते, घालता येते, पण लाकडी सांगाडा घोडीबरोबर वाढत नाही. म्हणून आजच्या पाठीला बसेल ते घे आणि दर दोन महिन्यांनी घोडी माझ्याकडं आण, लागेल तसं बदलून देतो. एक खूणही सांगितली. दौड झाली की खोगीर उतरवायचं आणि घामाचा ठसा बघायचा. सगळीकडं सारखा ओला असला तर ठीक. मधेच कोरडा डाग दिसला तर तिथं खोगीर रुततंय असं समजायचं.

मी मान डोलवली आणि मोठं उचललं.

का, ते मला तेव्हाही सांगता आलं असतं. आमच्याकडं कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. आईनं शिवलेल्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून मी शाळेत गेलो, आणि बाह्या उलगडायच्या आधी शाळाच संपली. वाढणाऱ्या जिवाला आजच्या मापाचं घेणं म्हणजे उधळेपणा, हे माझ्या हाडात होतं. घरी आलो तर रावसाहेबांच्या बाईंनीही तेच विचारलं, "वाढत्या अंगाचं घेतलंस ना रे?" मी हो म्हटल्यावर त्या खूश झाल्या. दुकानातून निघताना जीनगर एवढंच बोलला होता, "मोतद्दार, सदरा ढिला झाला तर माणूस हसण्यावारी नेतो. घोडीला हसता येत नाही."

फट भरायला मी खाली कांबळ्याच्या घड्या घातल्या. पहिल्या दिवशी डोंबिवलीच्या वाटेनं गेलो. मुक्कामी खोगीर उतरवलं तर मानेच्या बुडाशी, ओल्या केसांत, रुपयाएवढा कोरडा डाग. मी तो बघितला. हातानं पुसून टाकला, जणू पुसल्यानं जाणार होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक घडी घातली, त्यानं खोगीर उंचावर डुलायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिथं सूज आली. चौथ्या दिवशी कातडं फुटलं.

बोलायची संधी दररोज होती. रावसाहेबांनी स्वतः विचारलं, ही आज कान का पाडतेय? मी म्हटलं, नवं चामडं आहे, कडक आहे, बसेल दोन दिवसांत. खोटं इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच भय वाटलं. खरं बोललो तर रावसाहेब आपल्याला घालवतील, पुन्हा तो घाट, पुन्हा तो रस्ता, एवढंच डोक्यात घुमायचं. सकाळी ते देवी टोचायला बसले की मी जखमेला हळद-तूप लावायचो, वर धुतलेलं फडकं ठेवायचो आणि त्यावर पुन्हा तेच खोगीर कसायचो. पोटाखालचा तंग आवळताना घोडी माझ्याकडं वळून बघायची. जन्मल्यापासून माझ्या खिशात नाक घालणारी ती, पाचव्या दिवशी माझ्या दंडाला चावली. मला बरं वाटलं. कुणीतरी शिक्षा केली असं झालं.

सहाव्या दिवशी खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात उतरलो. रावसाहेब एका ओट्यावर बसले, बायका मुलं घेऊन रांगेत. मी घोडीला बाजूला बांधून खोगीर सैल करत होतो. मासळीची पाटी उतरवून एक वयस्क कोळीण जवळ आली आणि काही न विचारता तिनं कांबळं वर केलं. वास तिला आला असावा. मी म्हटलं, ओझं जड होतं, त्यानं झालं.

ती म्हणाली, "जड पाटी मान सोसते रं. डुलती पाटी नाय सोसत. माजी चुंबल मी माज्या डोक्याच्या मापानं वलते, सुनंच्या नाय." आणि डोक्यावरची ती कापडाची चुंबळ काढून तिनं माझ्यासमोर धरली.

मी तसाच ओट्याकडं गेलो. एका पोराचा दंड रावसाहेबांच्या हातात होता.

"रावसाहेब, घोडीची पाठ फुटलीय. तीन दिवस झाले. मला माहीत होतं."

त्यांनी त्या पोराचं काम पुरं केलं, सुरी पुसली आणि मग उठले. कांबळं वर करून जखम बघितली.

"मी विचारलं होतं तुला."

"होय."

"मग?"

"तुम्ही घालवाल असं वाटलं."

"तुला जायला रस्ता तरी होता," ते म्हणाले. "तिला कुठं जायला होतं?"

त्यांनी मला घालवलं नाही. घोडीला मोकळ्या पाठीनं कल्याणला ने म्हणाले आणि स्वतः पुढचा दौरा पायी केला. जीनगरानं जखम दाबून बघितली. आत पू झाला होता. हाडापर्यंत गेलं असेल तर ही वाचून उपयोग नाही, गोळीच घालावी लागेल, असं त्यानं सरळ सांगितलं. मग त्यानं पाठ चिरली आणि मी तिचं डोकं धरलं. पुढचे दीड महिने मी कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, माश्या हाकलल्या, आणि दर सकाळी तबेल्यात शिरण्याआधी दारात थांबून देवाला नको नको ती वचनं दिली. रावसाहेब मधे दोनदा येऊन गेले. त्यांच्या टाचा फुटल्या होत्या. ते घोडीला बघायचे, मला जेवलास का विचारायचे. त्यांनी मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

हाडाला लागलं नव्हतं. होळीच्या सुमाराला जखम भरली, तिथं पांढरे केस आले. जीनगरानं शिशाची पट्टी तिच्या पाठीवर वाकवून फळीवर कोळशानं रेघ उतरवली आणि त्या रेघेच्या मापानं नवं लहान खोगीर तयार केलं. मी ते उचलून तिच्याजवळ गेलो. ती थरथरली, मागं सरली, आणि दावं तोडून भिंतीला जाऊन चिकटली. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. जीनगरानं खोगीर माझ्या हातून घेतलं, तिला हुंगायला दिलं, आणि पाठीवर ठेवलं. ती उभी राहिली.

सांगाडा पुढं तीनदा बदलला, लोकर कितीदा ते आठवत नाही. तिची पाठ पुन्हा कधी फुटली नाही. चारा, पाणी, खरारा, सगळं ती माझ्या हातून घ्यायची. खोगीर मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही. गावोगावी रावसाहेब स्वतः वाकून तंग आवळायचे. मोतद्दार असताना हे काम तुम्ही का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "घोडी रुसलीय त्याच्यावर." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि खोगीर चढेपर्यंत तिच्या नजरेआड एखाद्या झाडामागं उभा राहायचो.